भोसरीचा गुरुवार

चाकणच्या एका कारखान्यात ट्रकच्या सस्पेन्शनच्या पिना बनतात. तिथं नियोजनाचं सॉफ्टवेअर बसवायला आमची टीम गेली होती. खरेदी, स्टोअर, उत्पादन आणि अकाउंट्सचा डेटा एकत्र करायचा आणि त्यावर रोज रात्री एमआरपी, म्हणजे मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, चालवायची. ग्राहकाला माल कधी हवा, हाताशी किती आहे, वाटेत किती आहे, यावरून कच्चा माल कधी मागवायचा ते ही पद्धत काढते. जोसेफ ऑर्लिकींनी 1975मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. गाभा आजही तोच आहे. मला हे गणित फार आवडतं.

अडलं ते पोलादाच्या बारपाशी. 40 मिलिमीटरचा गोल बार खरेदीवाले किलोत घेतात, स्टोअर नगांत मोजतं, शॉपवर त्याच्या पिना होतात. व्यासाचा वर्ग भागिले 162 केलं की मीटरचं वजन मिळतं: 9.88 किलो. म्हणजे सहा मीटरचा बार साधारण 59 किलोंचा. इथवर ठीक. पण प्रत्येक बारचा शेवटचा तुकडा बँडसॉच्या पकडीतच राहतो आणि दर कापाला पात्याच्या जाडीएवढं पोलाद चुऱ्यात जातं. बीओएममध्ये, म्हणजे एका नगाला कोणता माल किती लागतो त्या यादीत, याची नोंदच नव्हती. स्टोअरचे मामा ते ओळखून दर लॉटला एखादा बार जास्त देत, म्हणून काम कधी थांबलं नाही. मात्र दर मोजणीला तूट निघे आणि संशय मामांवर जाई. याचा मला मनस्वी राग आला. माणूस कारखाना चालता ठेवत होता आणि कागद त्यालाच दोषी धरत होते.

चाचणीचा पहिला प्लॅन छापून मामांपुढं ठेवला. भोसरीहून हीट ट्रीटमेंट होऊन येणाऱ्या मालाची तारीख बघून ते म्हणाले, “मॅडम, गुरुवारी भोसरी बंद असते. माल कोण देणार?”

विजेचा भार विभागावा म्हणून औद्योगिक वसाहतींच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी ठेवल्या गेल्या. आमच्या कॅलेंडरला फक्त रविवार ठाऊक होता.

मग प्रत्येक पुरवठादाराला स्वतःचं कॅलेंडर दिलं, चलनावर बाहेर गेलेला माल वेगळ्या साठ्यात दाखवला, बारचा तुकडा आणि कापाची घट बीओएममध्ये घातली. गो-लाइव्हची तारीख पुढं गेली. वरचे नाराज झाले. मी मागं हटले नाही. लीड टाइम, म्हणजे ऑर्डरपासून माल येईपर्यंतचा काळ, बदलायचा तर मामांची मंजुरी लागेल, हेही सिस्टिममध्ये बसवून घेतलं.

सध्या मामा आणि मी गेटचं आवक रजिस्टर घेऊन बसतो. ऑर्डरची तारीख आणि ट्रक आत आल्याची तारीख शेजारी शेजारी भरतो. सरासरीवर मी समाधान मानत नाही. एकच पुरवठादार कधी आठवड्यात माल देतो, कधी तीन आठवडे लावतो. सेफ्टी स्टॉक किती ठेवायचा ते या फरकावरून ठरवायचं आहे.