गाठ आणि सांधा

गाठीला मराठीने मान दिला आहे. लग्नगाठ, खूणगाठ, निरगाठ, सुरगाठ असे शब्द सहज आठवतात. दोराच्या सांध्याकडे मात्र भाषेचे फारसे लक्ष गेले नाही. वस्तुतः जिथे दोरावर सतत ताण येतो तिथे गाठ अपुरी पडते. तिच्या तीव्र वळणावर तंतूंवरचा भार विषम होतो आणि दोराची ताकद निम्म्यापर्यंत घटू शकते. म्हणून शिडाचा दोर कडीत कायमचा बसवायचा असला, की जुने खलाशी टोकाचे तीन पेड उसवीत, दोर कडीभोवती वळवीत आणि ते पेड पिळाच्या उलट दिशेने, एक वरून, एक खालून, मूळ दोरातच ओवीत. ताण वाढला की पेड एकमेकांना अधिकच आवळतात. तागाच्या दोराला असे तीन फेरे पुरतात. निसरड्या नायलॉनला पाच लागतात.

आम्हां सातारा-सांगलीकडच्यांना समुद्र दूरचा. ही विद्या आम्ही पाहिली ती गोठ्यात. घायपाताची पाने कुजवून, झोडपून वाख काढायचा आणि त्याचे दोर वळायचे, हे काम मातंग कारागिरांचे. कासरा, दावे, चऱ्हाट, मोटेचा नाडा, सारे त्यांच्या हातचे. बेंदराच्या आधी घरी नवी दावी येत. फासा कितीही चाचपला तरी टोक कुठे संपले ते कळत नसे. ते पिळाच्या पोटात ओवलेले असे.

साताऱ्याजवळ लिंब येथे विरूबाई भोसले यांनी अठराव्या शतकात बांधविलेली बारा मोटांची विहीर आहे. तिचे दगडी काम पाहायला माणसे लांबून येतात. मोटा चालत तेव्हा पाण्याचा सारा भार नाड्यांवर असे. ते नाडे कोणी वळले, हे दगड सांगत नाही.

सांगली जिल्ह्यातले वाटेगाव १९२० साली सातारा जिल्ह्यातच होते. त्या वर्षी तिथे मातंग कुटुंबात अण्णाभाऊ साठे जन्मले. त्यांचे लेखन वाचताना आम्हांला ती दावी नव्याने दिसू लागली. ज्याच्या सांध्यावर गावाचा बैल विसंबला, त्याला गावाने वेशीबाहेर ठेवले. बलुते दिले, पंगतीत घेतले नाही. आमच्या घरीही दावी अंगणाच्या कडेलाच ठेवून घेत.

आता नायलॉन आले. त्याचे टोक काडीने वितळवून जो तो गाठ मारतो. वस्तीतल्या मुलांनी हा धंदा सोडला, याबद्दल हळहळण्याचा अधिकार आम्हांला नाही. अवमानासह आलेले कसब टाकून देणे हेही स्वातंत्र्यच आहे. पण त्या कसबाला विद्या म्हणणे आमच्याकडून राहिले. क्लिफर्ड ॲशले यांनी खलाशांच्या गाठी आणि सांधे चित्रांसह नोंदवून १९४४ साली त्यांचा ग्रंथ सिद्ध केला. दाव्याचा फासा शिकायचा तर आम्हांला अजूनही एखाद्या वृद्ध कारागिराच्या ओसरीवरच जावे लागेल, आणि या वेळी अंगणाच्या कडेला उभे राहण्याची पाळी आमची असेल.