घट्ट मूठ

तुमच्या घरी मोटारसायकल असेल. नसेल, तर शेजारी नक्की असेल. तिचे इंजिन, तिचा रंग, तिचा वेग यांविषयी तुम्ही तासन्‌तास बोलता. पण हँडलच्या दोन टोकांना ज्या रबरी मुठी असतात, त्यांच्याकडे तुम्ही कधी लक्ष दिले आहे का? गॅरेजमध्ये त्यांना ‘ग्रिप’ म्हणतात. ग्रिप म्हणजे पकड. हा ‘पकड’ शब्द तुमच्या उर्दूतही आहे, म्हणून त्याचा अर्थ मी सांगत बसत नाही. पकड सुटली तर काय होते, ते मात्र सांगतो.

हँडल म्हणजे एक लोखंडी नळी. बहुतेक मोटारसायकलींत मुठीखालची ही नळी सुमारे २२ मिलिमीटर जाड असते. डावी मूठ सरळ या नळीवर बसते. उजवी मूठ मात्र नळीवर फिरणाऱ्या एका प्लॅस्टिकच्या आवरणावर बसते. आपण ती मूठ फिरवली, की आवरण फिरते आणि गाडीला रेस मिळते. आवरणामुळे उजवी बाजू जाड होते. म्हणून उजव्या मुठीचे भोक थोडे मोठे असते आणि डाव्या मुठीचे लहान. दोन्ही मुठी बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसल्या, तरी एकीची जागा दुसरीला देता येत नाही.

आता रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात चला. महाड आणि पोलादपूर हे येथील दोन शेजारी तालुके. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि पोलादपूर, महाड असा प्रवास करत समुद्राला मिळते. पोलादपूरहून एक रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतो. मुंबई-गोवा महामार्ग दक्षिणेकडे कशेडीच्या डोंगरातून खेडला जातो. कशेडीला आता बोगदा झाला आहे. आंबेनळीत मात्र आजही वळणामागून वळण येते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत येथे मुसळधार पाऊस पडतो. रस्ता ओला, हातमोजे ओले, मुठीही ओल्या! अशा उतारावर वळण घेताना स्वाराचे दोन्ही हात हँडलवर भार देतात. नेमकी त्याच वेळी डावी मूठ नळीवरून सरकली, तर तोल जाण्यास क्षणही पुरतो. उजवी मूठ सैल झाली, तर हात फिरतो, पण रेस मिळत नाही. कधी ती आत सरकून घासू लागते आणि वाढवलेली रेस कमीच होत नाही. घाटात हे किती धोक्याचे आहे, हे तुम्हीच ओळखा.

मग मूठ सैल का होते? नव्या मुठीचे भोक नळीपेक्षा किंचित लहान असते. रबर ताणले जाते आणि नळीला आवळून धरते. दोघांमधील घर्षणामुळे मूठ जागची हलत नाही. पण उन्हाने आणि वयाने रबराचा ताण कमी होतो. तेल किंवा ग्रीस लागले, तर रबर फुगते व मऊ पडते. पावसाचे पाणी आत झिरपते आणि नळीला गंज चढतो. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहरात पाणी शिरले, तेव्हा कितीतरी दुचाकी गाळात बुडाल्या. धुतल्यावर त्या वरून चकचकीत झाल्या; पण बारीक गाळ शिरायला मुठीखालची फटसुद्धा पुरते.

पोलादपूरच्या एका गॅरेजमध्ये मी हे काम जवळून पाहिले आहे. तेथील वयस्कर मेकॅनिकना गिऱ्हाईक ‘चाचा’ म्हणत आणि हाताखालची मुले ‘उस्ताद’. घाटातल्या गावाहून दूध घेऊन महाडला निघालेला एक तरुण तेथे थांबला. त्याच्या गाडीची डावी मूठ बोटभर बाहेर आली होती. त्याने ती सुतळीने बांधून ठेवली होती.

“चाचा, जरा सोल्यूशन टाकून द्या. दूध वेळेवर पोचवायचे आहे,” तो म्हणाला.

“आधी काढून तर पाहू,” चाचा म्हणाले.

मूठ काढली, तर आत लाल गंज आणि काळा चिखल!

“बेटा, घाणीवर सोल्यूशन लावले, तर ते घाणीला चिकटेल. लोखंडाला कसे चिकटेल?” चाचांनी विचारले. तरुण काही बोलला नाही. त्याने दुधाचे कॅन सावलीत उतरवून ठेवले.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण तुम्हांला ठाऊक आहे. उर्दूतही अशाच अर्थाची म्हण आहे. गॅरेजात मात्र उलटा नियम चालतो. तेथे मूठ उघडूनच पाहावी लागते.

चाचांनी पॉलिश पेपरने गंज घासून काढला. कापडाचा बोळा पेट्रोलमध्ये किंचित भिजवून नळी पुसली आणि पूर्ण कोरडी होऊ दिली. हे काम करताना जवळ बिडी किंवा स्टोव्ह पेटता ठेवायचा नाही, असे त्यांनी मुलांना बजावले. जुनी मूठ ताणून सैल झाली होती, म्हणून ती टाकून दिली. नव्या मुठीच्या आत आणि नळीवर सोल्यूशनचा पातळ थर दिला आणि एका दमात मूठ जागेवर सरकवली. काही जण साबणाचे पाणी लावून मूठ चढवतात. ती चढते सहज. पण साबण आतच राहतो आणि पहिल्या पावसात मूठ पुन्हा सरकते. शेवटी चाचांनी मुठीच्या दोन्ही टोकांना बारीक तार आवळली. तारेची टोके तळहाताला टोचू नयेत, म्हणून ती खालच्या बाजूला वळवून रबरात दाबली. चिखलातून मोटारसायकलींच्या शर्यती करणारे परदेशी स्वारही आपल्या मुठी अशाच तारेने बांधतात.

“आता गाडी रात्रभर उभी राहू दे. सोल्यूशन वाळले पाहिजे,” चाचा म्हणाले. दुधाचे कॅन दुसऱ्या गाडीने महाडला गेले. तरुणाचे थोडे पैसे जास्त गेले. पण त्याने हुज्जत घातली नाही. त्या उताराने रोज त्यालाच यायचे होते.

उजवी मूठ बसवताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. सोल्यूशन आवरणाच्या आत जाता कामा नये आणि मूठ शेजारच्या बटणांच्या पेटीला घासता कामा नये. काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून मूठ फिरवावी आणि सोडावी. ती झटकन मागे आली पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवूनही हे पाहावे.

गिअरची मोटारसायकल चालवण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. तोपर्यंत तुम्ही मागे बसणार. पण पाहण्यासाठी आणि विचारण्यासाठी परवाना लागत नाही. अब्बा किंवा भाईजान घाटात निघण्यापूर्वी गाडी बंद असताना दोन्ही मुठी धरा. डावी मूठ पिळून आणि बाहेर ओढून पाहा. उजवी मूठ फिरवून सोडा. डावी हलली किंवा उजवी मागे आली नाही, तर तसे स्पष्ट सांगा. लहान तोंडी मोठा घास वाटला, तरी सांगा. सैल मूठ थोड्या खर्चात बदलता येते. वळणावर गेलेला तोल कोणत्याही गॅरेजात दुरुस्त होत नाही.