मेंढ्यांनी आणि वाऱ्याने घडवलेलं मैदान

दोस्तांनो, क्रिकेटची खेळपट्टी जगात कुठेही जा, २२ यार्डांचीच! कबड्डीचं मैदान, कॅरमचा बोर्ड, सगळं कसं मोजूनमापून आखलेलं. पण एका खेळाची दोन मैदानं कधीच सारखी नसतात. तो खेळ म्हणजे गोल्फ. चला तर, आज गोल्फच्या एका फार जुन्या मैदानावर जाऊ या. गाव आहे स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज.

गाव अगदी समुद्रकाठी. किनाऱ्यालगत उंचसखल माळ. जमीन वाळूची, शेतीला निरुपयोगी. तिथे मेंढ्या चरायच्या, ससे बिळं करायचे आणि माणसं काठीने चेंडू टोलवायची. स्कॉटलंडमध्ये या खेळाचं वेड इतकं वाढलं, की १४५७ साली तिथल्या संसदेने गोल्फवर चक्क बंदी घातली! कारण काय, तर लोक धनुष्यबाणाचा सराव सोडून गोल्फच खेळत बसायचे.

इथलं 'ओल्ड कोर्स' हे मैदान कुणा एकाने कागदावर आखलेलं नाही, बरं का! वाऱ्याने टेकाडं रचली. थंडी-वाऱ्यापासून बचावायला मेंढ्या ज्या खळग्यांत बसायच्या, त्यांचेच पुढे वाळूचे खड्डे झाले, असं सांगतात. या खड्ड्यांना म्हणतात बंकर. इथे असे ११२ बंकर आहेत. एकाचं तर नावच 'हेल', म्हणजे नरक!

गोल्फमध्ये चेंडू सव्वाचार इंच रुंदीच्या भोकात घालायचा. अशी १८ भोकं, म्हणजेच 'होल'. इथे पूर्वी एका फेरीत २२ होल खेळत. १७६४ साली सुरुवातीची काही जोडून लांब केली आणि १८ उरली. पुढे जगभर तोच आकडा रूढ झाला. आणखी एक गंमत. इथल्या सात मोठ्या हिरवळींवर दोन-दोन होल आहेत. त्यांच्या क्रमांकांची बेरीज करून पाहा : २ आणि १६, ३ आणि १५, ४ आणि १४... दर वेळी १८!

आता एक खरी गोष्ट. १९२१ साली बॉबी जोन्स हा १९ वर्षांचा अमेरिकन खेळाडू इथे ब्रिटिश ओपन खेळायला आला. अकराव्या होलपाशी चेंडू बंकरमध्ये अडकला, काही केल्या निघेना. बॉबी संतापला आणि त्याने डावच सोडून दिला. या वागण्याची त्याला पुढे फार लाज वाटली. पण तो परत आला. १९२७ मध्ये याच मैदानावर त्याने तीच स्पर्धा जिंकली! पुढे आजारपणाने त्याला धड चालताही येईना. तरीही १९५८ साली तो आला, तेव्हा गावाने त्याला आपला मानाचा नागरिक करून घेतलं.

मैदान तेच होतं, खड्डेही तेच. बदलला होता बॉबी.

आणि रविवारी? एरवी रविवारी इथे खेळ बंद! त्या दिवशी गावकरी या मैदानावर फिरायला येतात, मुलं बागडतात, कुत्री धावतात.

आता जरा तुमच्या घराजवळचं मैदान आठवा. मधलं झाड, कोपऱ्यातला दगड, काकूंच्या खिडकीची काच! या अडचणींमुळेच तर ते मैदान 'तुमचं' झालंय. आज संध्याकाळी खेळायला जाल, तेव्हा त्याच्याकडे जरा नीट पाहा. आणि हो, चिडून डाव अर्धवट सोडू नका!