अकरा मिनिटें

आमच्या खामगांवच्या घरांतील भिंतीवरचें घड्याळ दहा मिनिटें पुढें असतें. गाडी चुकूं नये म्हणून वडिलांनीं तें कधीं काळीं पुढें केलें. परंतु ही लबाडी घरांत सर्वांनाच ठाऊक असल्यामुळें तिचा उपयोग आतां कुणालाच होत नाहीं. तशी ती निरुपद्रवी आहे. जी चूक कुणाच्या गांवींही नसते, तिचा धाक आम्हांला गेल्या वर्षीं कळला.

वडिलांना एकाएकीं भोंवळ येऊं लागली. हृदयाचा प्रत्येक ठोका टिपणारें होल्टर नांवाचें लहानसें यंत्र एका दिवसापुरतें त्यांच्या छातीवर बांधण्यांत आलें. मनगटावर नातीनें दिलेलें घड्याळ होतेंच. तें नाडी मोजतें, आणि माणूस पडला तर त्याचीही नोंद करतें. एकाच देहावर दोन कारकून, आणि दोघांच्या वह्या निराळ्या! त्या दुपारीं वडील वामकुक्षी आटोपून उठले आणि ओसरीवर कोसळले. सुदैवानें लागलें नाहीं. मनगटानें वेळ लिहिली ३ वाजून ४० मिनिटें. होल्टरच्या पटांत हृदय कांहीं सेकंद थांबल्याची खूण सांपडली, पण ती ३ वाजून २९ मिनिटांची. तेव्हां तर वडील चक्क घोरत होते! "झोपेंत हृदय मंदावतेंच, पडले ते पाय अडखळून," असा निर्वाळा मिळाला आणि आम्ही निश्चिंत मनानें घरीं आलों.

निश्चिंत झाली नाहीं ती आमची कन्या. "बाबा, आजोबांच्या अंगावरच्या दोन घड्याळांची वेळ कुणी जुळवली होती?" तिनें विचारलें. आम्ही निरुत्तर झालों.

वास्तविक खामगांवाला हा घोळ नवा नव्हे. आपली प्रमाणवेळ ८२॥ अंश रेखांशाची, आणि आमचें गांव त्याच्या बरेंच पश्चिमेस. म्हणून येथला सूर्य घड्याळाच्या सुमारें २४ मिनिटें, म्हणजे थेट एक घटका मागें असतो. लग्नांत घटिकापात्र बुडण्याची वाट पाहणाऱ्या आमच्या पणजोबांना हा योगायोग आवडला असता. १८७० सालीं जलंबहून येथें आगगाडी आली. रेल्वेनें पुढें मद्रासची वेळ धरली, ती येथल्या सूर्याच्या जवळजवळ पंधरा मिनिटें पुढें. १९०६ च्या जानेवारीपासून प्रमाणवेळ आली, तरी मुंबई शहरानें आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं. परंतु या सर्व वेळांमधील अंतर कोष्टकावरून सांगतां येत असे. वडिलांच्या अंगावरील घड्याळांचें कोष्टक कुठें होतें?

तें कन्येनें तयार केलें. मनगटाचें घड्याळ मोबाईलला बिनतारी विचारून आपली वेळ दुरुस्त करतें. निरोप जाऊन येण्यास लागलेला वेळ मोजावयाचा आणि त्याचें अर्धें उत्तरांत मिळवावयाचें, अशी त्यांतली साधी युक्ति. आमच्या होल्टरला तसा कुणी सोबती नव्हता. त्याची वेळ हातानें लावलेली. तिनें दोन्हीं नाडीलेख शेजारीं मांडले. सकाळीं वडील तुळशीला पाणी घालण्यास गच्चीवर चढले, तेव्हांची नाडीची उसळी मनगटावर ८ वाजून १४ मिनिटांनीं, छातीवर ८ वाजून ३ मिनिटांनीं. संध्याकाळच्या फेरफटक्यालाही तेंच अंतर. तें दिवसभरांत वाढलें नाहीं, याचें नवल नाहीं. असल्या घड्याळांतील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळां कंप पावतो, आणि दिवसाकाठीं त्याची चूक एखाददुसऱ्या सेकंदाची. अकरा मिनिटें ही स्फटिकाची चूक नव्हे, माणसाच्या बोटाची.

२९ मध्यें ११ मिळवले कीं ४० होतात. हृदय थांबलें तें झोपेंत नव्हे, ओसरीवर. सेकंदांचा निवाडा या रीतीनें झाला नसता; पण झोप कीं जाग हा प्रश्न मिनिटांचाच होता. दोन्ही लेख घेऊन आम्ही पुन्हां डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं ते दोनदां पाहिले, चष्मा काढून ठेवला आणि "बरें झालें आलांत," एवढेंच म्हणाले. त्याच आठवड्यांत वडिलांना अकोल्याला नेऊन पेसमेकर बसविला.

तत्पूर्वीं एकदां पुन्हां होल्टर बांधावा लागला. त्या वेळीं कन्या मोबाईल हातांत घेऊन जवळ उभी राहिली, आणि यंत्राची वेळ लावणाऱ्या बिचाऱ्या मुलाला तिनें सेकंदसुद्धां सोडूं दिले नाहीं.