कळसूबाईची वाट आणि माझी सॅक

कळसूबाईला जायचं ठरलं, तेव्हा माझ्या डोक्यात आधी आले ते डबे! बारी हे पायथ्याचं गाव अकोले तालुक्यातलं. तिथून सकाळी चढायचं आणि संध्याकाळपर्यंत उतरायचं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, दशम्या, पाणी, सगळ्यांचे स्वेटर, बसायला चादर... भाऊजींची 60 लिटरची सॅक घरात होतीच. "वहिनी, हीच न्या, सगळं मावेल," ते म्हणाले. आणि खरंच सगळं मावलं. तिथंच तर फसले!

सॅक भाऊजींच्या उंचीची. कमरेचा पट्टा माझ्या मांड्यांशी लोंबायचा, म्हणून मी तो मागे बांधून टाकला. सगळा भार खांद्यांवर आला. ह्यांच्या खांद्याला कॅमेरा आणि हाताला धाकटी. शेतं मागे पडून चढ लागला, तशा माझ्या हातांना मुंग्या आल्या. पहिल्या लोखंडी शिडीवर चढले तर सॅकनं मागे खेचलं. घाबरून मी खाली उतरले आणि म्हटलं, "तुम्ही जाऊन या, मी सामान सांभाळते."

तिथं ताक विकणाऱ्या आजी होत्या. त्यांनी गोष्ट सांगितली. कळसू नावाची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली, ती अट घालूनच. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही! एकदा तिला तीच कामं लावली. तिनं ती केली आणि डोंगरावर निघून गेली, ती परत आलीच नाही. मी हसले खरी, पण शेजारच्या डब्यांकडे पाहून मनात काहीतरी लागलं. घरी आल्यावर धाकटीनं शेजारी सांगितलं, "आईला काही जमलं नाही." ते तर फारच लागलं.

शाळेच्या पगारातून पैसे साठवले आणि स्वतःची सॅक घ्यायला गेले. मैत्रिणींनो, तेव्हा कळलं ते सांगते. सॅकचं माप आपल्या उंचीवर नाही, पाठीच्या लांबीवर ठरतं. शिवणाची टेप घ्या. मान पुढे झुकवली की मागे जे हाड ठळक हाताला लागतं, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत पाठ मोजा. बायकांसाठीच्या सॅक मिळतात, त्यांची पाठ आखूड आणि खांद्यांचे पट्टे जवळ असतात. एका दिवसाला 25 ते 30 लिटर पुष्कळ झाली. कमरेचा पट्टा मात्र रुंद, गादीचा हवा. भार कमरेनं पेलायचा, खांद्यांनी नुसता सावरायचा.

रंगाला भुलू नका. दुकानातच चार-पाच किलो वजन भरायला सांगा. आधी कमरेचा पट्टा हाडांवर आवळा, मग खांद्यांचे, आणि दहा मिनिटं चालून पाहा. संकोच करू नका, ब्लाउजचं माप देताना करतो का आपण? भरताना हलकं तळाशी, जड मधोमध पाठीला लागून आणि लागेल ते वर. आत एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घातली, की पावसाची काळजी नाही.

माझी सॅक 28 लिटरची. ती भरल्यावर चादर आणि निम्मे डबे बाहेरच राहिले. मग आपोआप वाटणी झाली! ज्याचं पाणी आणि स्वेटर त्याच्याच पाठीवर, आणि डबे ह्यांच्याकडे. ह्यांनी एकदा माझ्या सॅककडे पाहिलं, पण बोलले नाहीत.

मार्गशीर्षात पुन्हा गेलो. शिडीपाशी छातीत धडधडलं. पण पट्टा आवळला, वर पाहिलं आणि चढले. माथ्यावर, 1646 मीटरवर, महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागी, देवीचं छोटं देऊळ आणि भणाणता वारा. एकीकडे भंडारदऱ्याचं पाणी, दुसरीकडे अलंग, मदन, कुलंग. देवीला हळदकुंकू वाहिलं. मागायचं काही सुचलं नाही.

उतरताना धाकटी म्हणाली, "आई, माझी सॅक घे ना."

मी तिच्या खांद्यांचे पट्टे नीट ओढून दिले आणि म्हटलं, "चल, आता टोचणार नाही."