मोलगीचे चौदा बाइट

जानेवारीत नंदुरबारला शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते. वारा फिरला की बंद खोलीतसुद्धा ठसका लागतो. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका जानेवारीत प्रस्तुत लेखक एका कार्यालयाच्या मागच्या खोलीत रुमाल नाकाला लावून बसला होता. समोरच्या काळ्या पडद्यावर ‘स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड’ एवढी एक ओळ होती. स्कॅनिंगला बसलेला पोरगा दाराशी येऊन म्हणाला, “भाऊ, परत पडनं ना!”

पडलेला प्रोग्राम लेखकाचाच होता. सी भाषेत, दोनेकशे ओळींचा. काम साधं होतं. जुनं दप्तर स्कॅन होऊन विंडोजच्या मशीनवर साठायचं, ते रात्री लिनक्सच्या सर्व्हरवर यायचं आणि हा प्रोग्राम त्याची दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी प्रत करायचा. तालुका, गाव, विषय, मग फाइल, असे फोल्डर. नंदुरबार, नवापूर, शहादा हे तालुके बिनबोभाट उरकले, कारण तिथल्या ऑपरेटरांनी नावं रोमनमध्ये, तुटक टाकली होती. अक्कलकुव्याचा गठ्ठा मात्र एका व्यवस्थित माणसाकडे गेला. त्याने प्रत्येक फाइलला पूर्ण मराठी नाव दिलं.

प्रोग्राम ज्या फाइलवर पडायचा तिचं नाव होतं ‘मौजे मोलगी येथील वनहक्क दावेदारांची ग्रामसभेने शिफारस केलेली यादी’, आणि पुढे रोमनमध्ये टिंब-पीडीएफ. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे दावा आधी ग्रामसभेपुढे येतो, तिथून उपविभागीय समितीकडे आणि मग जिल्हा समितीकडे जातो. त्यामुळे असल्या याद्या या जिल्ह्यात ढिगाने. “नाव छोटं करून टाक की,” लेखक म्हणाला. पोरगा म्हणाला, “आवक रजिस्टरला तसंच आहे भाऊ. आपण कमी केलं तर उद्या सापडणार कसं?” त्याचं बरोबर होतं, आणि लेखकाला ते त्या वेळी आवडलं नाही.

लेखकाने पाथसाठी, म्हणजे फोल्डरांसकट फाइलच्या पूर्ण पत्त्यासाठी, २५६ बाइटची जागा ठेवली होती. हा आकडा त्याने विचार करून घेतला नव्हता. पुस्तकातल्या उदाहरणांत असायचा, म्हणून हाताला लागला. विंडोजची जुनी मर्यादाही त्याच्या आसपासची, २६० अक्षरांची: ड्राइव्हचं अक्षर, विसर्ग आणि तिरपी रेघ मिळून तीन, नाव २५६, शेवटचं शून्य एक. तेवढ्यात सगळं मावतं, अशी समजूत. विंडोजवर हाच पूर्ण पाथ मोजला तर तो अगदी नेमका शंभर अक्षरांचा भरत होता. २६० पैकी १००. ऐसपैस.

लिनक्सवर मात्र तीच नावं यूटीएफ-८ मध्ये लिहिली जातात आणि तिथे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. चिन्ह म्हणजे आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नव्हे. काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलन्तही वेगळा. ‘नंदुरबार’ डोळ्याला पाच अक्षरांचं. आतून ती आठ चिन्हं, म्हणजे २४ बाइट. रोमनमध्ये लिहा, नऊ बाइटांत काम होतं. ‘मोलगी’ तीन अक्षरी, पण १५ बाइट. ‘अक्कलकुवा’ २७.

त्या दुपारी लेखकाने कागदावर बेरीज मांडली. बॅकअप डिस्कचा रोमन पत्ता १०. अक्कलकुवा आणि पुढची रेघ २८, मोलगी आणि रेघ १६, ‘वनहक्क दावे’ हा फोल्डर आणि रेघ ३२. झाले ८६. फाइलचं नाव शेपटीसकट १८३. एकूण २६९, आणि सी भाषेत मजकुराच्या शेवटी लागणारं शून्य धरून २७०. जागा २५६. मोलगीची यादी चौदा बाइटांनी बाहेर सांडत होती.

सांडत होती म्हणजे काय, ते सांगायला हवं. पंगतीत एखादा वाढपी पान न पाहता वरण ओततो आणि ते वाहत शेजारच्या पानात जातं. सी भाषेतली ‘स्ट्र-कॅट’, ‘एस-प्रिंट-एफ’ ही जुनी फंक्शनं त्याच जातीची: पान केवढं आहे हे ती विचारतच नाहीत. अशी राखलेली जागा, म्हणजे बफर, स्टॅकवर, म्हणजे चालू फंक्शनच्या तात्पुरत्या स्मृतीत, असेल तर शेजारच्या पानात काय वाढलेलं असतं? फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं तो पत्ता. १९८८ च्या २ नोव्हेंबरला रॉबर्ट मॉरिसच्या किड्याने, म्हणजे संगणकांतून आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने, ‘फिंगर’ या सेवेच्या ५१२ बाइटांच्या बफरात ५३६ बाइट ओतून हाच पत्ता बदलला होता. त्या सेवेत वापरलेलं ‘गेट्स’ हे फंक्शन भाषेच्या प्रमाणातून हद्दपार व्हायला २०११ साल उजाडलं.

हल्लीचे कम्पायलर बफर आणि परतीचा पत्ता यांच्या मध्ये एक राखणीचा आकडा ठेवतात. त्याला कॅनरी म्हणतात. तो बदललेला दिसला की प्रोग्राम स्वतःच थांबतो. पडद्यावरची ती ओळ म्हणजे या राखणदाराची हाक. पण त्यातही एक गंमत आहे. आपल्या नेहमीच्या ६४-बिट लिनक्सवर या आकड्याचा पहिला बाइट मुद्दाम शून्य ठेवलेला असतो. बफर त्याला अगदी खेटून असेल आणि पाथ बरोबर २५६ बाइटांचा भरला, तर मजकुराचं शेवटचं शून्य जाऊन पडतं ते शून्यावरच. राखणदाराला काही कळत नाही. म्हणजे चौदा बाइट सांडले हे नशीबच म्हणायचं. एकच सांडला असता तर कदाचित वर्षभर पत्ता लागला नसता.

लेखकाने पहिली दुरुस्ती चहा गार होण्याच्या आत केली. ‘एस-प्रिंट-एफ’ काढून ‘एस-एन-प्रिंट-एफ’ घातलं. हे फंक्शन जागा विचारतं आणि तेवढंच लिहितं. प्रोग्राम पुन्हा पडला नाही. अक्कलकुवा रात्रीत उरकलं.

ही दुरुस्ती आधीच्या चुकीपेक्षा वाईट निघाली. पडणारा प्रोग्राम निदान ओरडतो. आठवड्याने मोजदाद केली तेव्हा बॅकअपमध्ये काही फाइली कमी भरल्या. मोलगीच्या फोल्डरात त्या लांब नावाच्या जागी ‘केलेली’ या शब्दाशी तुटलेलं नाव होतं आणि पुढे चौकटीतलं प्रश्नचिन्ह. हिशेब केला तर तो अचूक जुळला. २५५ बाइटांत ‘केलेली’पर्यंतचा मजकूर आणि एक मोकळी जागा बसली होती. मग ‘यादी’तला ‘य’ सुरू झाला आणि त्याच्या तीन बाइटांपैकी दोन लिहून झाल्यावर जागा संपली. लिनक्सला अर्ध्या ‘य’चं सोयरसुतक नाही. नावात तिरकी रेघ आणि शून्य सोडून कुठलाही बाइट त्याला चालतो. दुसरी फाइल होती ‘…केलेली यादी पुरवणी’. तीही कापली गेली त्याच दोन बाइटांवर. दोन्हींची नावं एक झाली आणि पुरवणी मूळ यादीवर लिहिली गेली. मूळ स्कॅन विंडोजच्या मशीनवर शिल्लक होतं, म्हणून निभावलं.

‘एस-एन-प्रिंट-एफ’ने हे सगळं सांगितलं होतं, हा यातला टोचणारा भाग. पूर्ण मजकुराला किती बाइट लागले असते तो आकडा ते परत देतं. तो जागेइतका किंवा जास्त आला तर मजकूर कापला गेला, असं समजायचं. लेखकाने तो आकडा पाहिलाच नव्हता.

मग दुसरी दुरुस्ती. लिनक्सच्या हेडर फाइलीत ‘पाथ-मॅक्स’ म्हणून ४०९६ चा आकडा आहे, शेवटचं शून्य धरून. तो उचलला, मूळ पाथला एक बफर आणि प्रतीच्या पाथला एक. फंक्शन प्रत्येक उपफोल्डरसाठी स्वतःलाच बोलावणारं, त्यामुळे खाली उतरताना पायरीला आठ केबी. मुख्य थ्रेडला लिनक्सवर सहसा आठ एमबी स्टॅक मिळतो, त्यात हे खपून गेलं असतं. पण काम भराभर व्हावं म्हणून लेखकाने चार थ्रेड केले होते आणि काटकसर म्हणून प्रत्येकाला २५६ केबीच दिले होते. तळोद्याच्या फोल्डरात त्याने स्वतःच, सोयीसाठी, ‘जुने दप्तर’ नावाची एक लिंक करून ठेवली होती. ती वरच्याच फोल्डरकडे बोट दाखवत होती. प्रोग्राम तिच्यातून आत गेला, तिथे पुन्हा तीच लिंक, पुन्हा आत. बत्तिसावी पायरी गाठायच्या आतच स्टॅक संपला.

मोठ्यांच्या घरीही हे होतं, याने थोडा धीर येतो. लिनक्स सुरू झाल्यावर सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम, सिस्टिम-डी, माउंटच्या पाथची अख्खी प्रत स्टॅकवर घेत होता. ही चूक २०१५ पासून तिथे होती. २०२१ च्या जुलैत क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की साध्या वापरकर्त्यानेही आठ एमबीहून लांब पाथ तयार केला तर हा प्रोग्राम कोसळतो आणि त्याच्यासोबत सगळी यंत्रणा. बफर लहान नव्हता तिथे. तो पाथइतकाच मोठा होता, आणि दगा नेमका त्यानेच दिला.

तिसऱ्या वेळी लेखकाने आकडा ठरवणंच सोडलं. आधी ‘एस-एन-प्रिंट-एफ’ला शून्य जागा देऊन नुसतं विचारायचं, किती लागेल? मग तेवढी अधिक एक जागा हीपवर, म्हणजे स्टॅकबाहेरच्या स्मृतीत, घ्यायची, मिळाली का ते पाहायचं. सगळ्या पायऱ्यांना मिळून एकच वाढता बफर. खाली उतरताना नाव जोडायचं, वर येताना लांबी मागे घ्यायची. लिंक दिसली की आत शिरायचं नाही, नोंद करून पुढे जायचं. फाइल उघडायची ती हातात धरलेल्या फोल्डरच्या संदर्भाने, म्हणजे लांबलचक पाथ कर्नलला द्यायची वेळच येत नाही. एवढं करूनही एक भिंत राहिली. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्कवर एका नावाला २५५ बाइटच मिळतात, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं. विंडोजवर तीच मर्यादा २५५ चिन्हांची. तिथे चाललेलं नाव इथे ‘लांब आहे’ म्हणून परत येतं, आणि त्यावर सी भाषेत काही उपाय नाही. अशा फाइलींची यादी निघते, मग आवक क्रमांक घालून त्यांचं नाव माणसालाच छोटं करावं लागतं.

याच जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात टेंभली गाव आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला तिथे दिलं गेलं. आधारचा क्रमांक १२ अंकी. त्याला १३ बाइट ठेवले की झोप लागते. माणसाच्या, गावाच्या, यादीच्या नावाला असा आकडा नाही, आणि लेखकाने नावाला क्रमांकासारखं वागवलं होतं.

प्रोग्राम अजून चालतो. रोज रात्री लॉगमध्ये एक ओळ जास्तीची लिहितो, त्या दिवशीचा सर्वांत लांब पाथ. आजवरचा विक्रम ६११ बाइटांचा आहे, धडगावचा.