कठोर आई

अम्मी फजरच्या वजूसाठी उठली आणि मोरीत पाय घसरून पडली. डोकं भिंतीवर आपटलं. "काही लागलं नाही," म्हणाली. आम्ही विश्वास ठेवला. तीन आठवड्यांनी ती माझ्या मुलीला माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागली, नमाजच्या रकाती चुकू लागली. वय झालं, असं म्हणून आम्ही मोकळे झालो. उजवा पाय ओढू लागली तेव्हा कुठे स्कॅन काढला.

"सबड्युरल हिमॅटोमा," डॉक्टर घाईत म्हणाले आणि आत गेले.

मी मराठीचा शिक्षक. न कळलेला शब्द फोडून पाहण्याची खोड. नर्सिंग शिकणाऱ्या मुलीने बाहेरच्या बाकावर तो फोडून दिला. सब-ड्यु-रल, हि-मॅ-टो-मा. सात अक्षरं. जोर 'ड्यु'वर आणि 'टो'वर. 'सब' लॅटिन, म्हणजे खाली. 'हैमा' ग्रीक, म्हणजे रक्त. 'ओमा' म्हणजे गाठ. 'ड्युरल' आलं ड्युरा मेटरवरून, मेंदूवरच्या जाड आवरणाचं हे नाव. म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसतो, आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात, लहानशा मारानेही तुटतात. रक्त हळूहळू साचतं, म्हणून लक्षणं कधी कधी काही आठवड्यांनी दिसतात.

"पण ड्युरा मेटर म्हणजे?"

"कठोर आई, अब्बा."

मेंदूच्या आवरणाला आई कोणी म्हटलं? पुढे पुस्तकं चाळली तेव्हा कळलं, अरबीने. तिथे या आवरणांना 'उम्म' म्हणत. दहाव्या शतकातले हकीम अली इब्न अब्बास अल-मजूसी यांचा 'किताब अल-मलिकी' ११२७ साली अँटिऑकच्या स्टीफनने लॅटिनमध्ये नेला. अशा भाषांतरांतून 'उम्म'चं 'मातेर' झालं. जाड ती ड्युरा, नाजूक ती पिया. सूरह फातिहाला आपण उम्मुल किताब म्हणतो, तीच ही उम्म. आणि लॅटिन 'मातेर' तर आपल्या 'मातृ'ची सख्खी बहीण!

कवटीला दोन छिद्रं पाडून रक्त काढलं. अल्लाहच्या कृपेने अम्मी सावरली. पडल्याचं नीट का सांगितलं नाहीस, असं विचारल्यावर म्हणाली, "तेरे दहावी के पेपर थे ना जाँचने के, इस वास्ते नईं बोली."

अब्बा गेल्यावर आम्हा चौघांना तिने एकटीने वाढवलं. तिच्या कठोरपणावर मी आयुष्यभर रुसलो. तो आमच्यावरचं आवरण होता, हे त्या बाकावर उमगलं.

सात अक्षरांचा परका शब्द मी एका दुपारी फोडला. 'काही लागलं नाही' हे अम्मीचे तीन शब्द मात्र तीन आठवडे तसेच राहू दिले.